कोकरं सुटायची वेळ

शुक्रवारी दुपारी साडेबाराला बिभीषणनं शाळेच्या फाटकातून बाहेर आलेल्या एका मुलीचा हात धरला, आणि पंधरा-वीस पावलं चालल्यावर ती मुलगी आपली नाही हे त्याला कळलं. कळलं तेही हातावरून. ऋतुजाचा हात धरला की ती आधी त्याचा अंगठा शोधते आणि मुठीत पक्का धरून ठेवते. हा हात नुसता लोंबत होता, गार आणि ओलसर. त्यानं खाली बघितलं. दोन वेण्या, लाल रिबिनी, निळा फ्रॉक, वर बघणारे दोन डोळे. डोळ्यांतली भीती त्याला लगेच दिसली. भीती, राग, हसू हे सगळं त्याला माणसाच्या तोंडावर नीट दिसायचं. ते तोंड कुणाचं आहे, तेवढंच दिसायचं नाही. त्यानं हात सोडला आणि त्याच क्षणी ती मुलगी किंचाळली.

त्या महिन्यात बीडमध्ये पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा होती. मुलीचा मामा पानटपरीजवळ उभा होता, तो धावत आला आणि त्यानं बिभीषणची कॉलर धरली. मागोमाग आणखी दहा-पंधरा जण. कुणी मोबाइल वर धरून शूटिंग सुरू केलं. बिभीषण म्हणाला, माझी मुलगी याच शाळेत आहे, दुसरीत. त्याचा आवाज त्यालाच खोटा वाटला. मामानं त्याला फाटकाकडं वळवलं आणि म्हणाला, "कोणती? दाव."

समोर तीसएक मुली उभ्या होत्या, सगळ्या त्याच्याकडं बघत. रोज न्यायला वनमाला यायची. आज तिला ताप होता म्हणून तो अर्धी रजा टाकून आला होता. तो आला तरी एरवी चाललं असतं, कारण ऋतुजाचं जांभळं दप्तर लांबून दिसायचं. पण त्याच सकाळी जिल्हा परिषदेच्या एका माजी सदस्यांनी शाळेतल्या सगळ्या मुलांना नवी दप्तरं वाटली होती, एकाच रंगाची, आणि प्रत्येकावर त्यांचा हात जोडलेला फोटो. दोनशे पाठींवर एकच चेहरा. 'दाव' म्हटल्यावर बिभीषण त्या मुलींवरून नजर फिरवत राहिला. एकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. आपली मुलगी या गर्दीत आहे, बहुतेक आपल्याकडंच बघते आहे, आणि आपल्याला बोट दाखवता येत नाही. असं किती वेळ गेला त्याला सांगता आलं नसतं. मग डावीकडून "पप्पा" असं ऐकू आलं आणि ऋतुजानं येऊन त्याचा अंगठा धरला.

मामानं कॉलर सोडली. बाई बाहेर आल्या, त्यांनी ओळख पटवली. लोक पांगायला लागले. जाता जाता मामा म्हणाला, "सोताची पोरगी वळखू येत न्हाई का बे?"

"चष्मा घरी राहिला," बिभीषण म्हणाला, आणि हसला. दोघं-तिघं हसले. ऋतुजानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. त्याला चष्मा नव्हता, कधीच नव्हता, हे तिला माहीत होतं. घरापर्यंत अंगठा मात्र तिनं सोडला नाही.

चार वाजेपर्यंत ते शूटिंग कॉलनीच्या ग्रुपवर आलं. वनमालानं पलंगावर पडून ते दोनदा बघितलं आणि मोबाइल पालथा ठेवला. ती म्हणाली, "तुमचं ध्यान कुठं असतं, मला न्हाई कळत." एवढंच. आवाजात राग नव्हता. नऊ वर्षांच्या संसारात तिनं ते इतक्यांदा म्हटलं होतं, की आता ते म्हणताना तिला रागवायचीही गरज पडत नव्हती. बिभीषण खुर्चीत बसून राहिला. सांगावं असं त्याला वाटलं. पण सांगायचं काय, कसं? मला माणसं दिसतात. नाक दिसतं, डोळे दिसतात, मिशी, कपाळावरची खूण, सगळं स्वच्छ दिसतं. पण समोरचा माणूस वळला की ते सगळं मिळून जे काय असतं ते राहत नाही. तोच माणूस तासाभरानं वेगळा सदरा घालून समोर आला तर मी त्याला पुन्हा पहिल्यापासून बघतो. हे ज्याला होत नाही त्याला कसं सांगायचं? शहरातल्या माणसाला मेंढरं दिसतात तशी मला माणसं दिसतात, असं एकदा त्याच्या मनात आलं होतं. पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

छत्तीस वर्षांत त्यानं एक मोठं, दमवणारं शास्त्र तयार केलं होतं. कोण कसा चालतो, कुणाच्या चपलेचा आवाज कसा, खोकला कुणाचा, बोलायच्या आधी घसा कोण साफ करतं. रस्त्यात समोरून कुणी आलं की आपण आधी हसायचं नाही, आधी टाळायचं नाही. समोरच्याला बोलू द्यायचं. बोलला की कळतं. "काय म्हणता, बरं आहे ना?" हे वाक्य सगळ्यांना चालतं. लग्नकार्यात दाराशी उभं राहायचं नाही. पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात तो आवक-जावकला होता, आणि दोनदा बढतीची संधी आली तेव्हा त्यानं घरच्या अडचणी सांगून ती टाळली होती, कारण वरची जागा लोकांना भेटायची होती. आवक-जावकला कागद येतात. कागदावर नाव असतं, तारीख असते, शिक्का असतो. कागद खोटं बोलला तरी आपण कोण ते सांगतो. ऑफिसातले लोक त्याला घमेंडी म्हणत. ते त्याला माहीत होतं आणि चालतही होतं. घमेंडी माणसाला कुणी 'तू मला ओळखलं नाहीस का' असं विचारत नाही.

आणि हे त्याला प्रथम कळलं होतं ते माणसांमुळं नव्हे, मेंढरांमुळं. नेकनूरच्या अलीकडं, रस्ता सोडून माळावर, त्यांची वस्ती. वडील म्हाळू, सगळे त्यांना आबा म्हणायचे, एकशेतीस-चाळीस मेंढरांचे धनी. आबांना प्रत्येक मेंढी तोंडावरून माहीत होती. कुठलीही मान वर करून बघायला लागली की ते म्हणायचे, ही पाटोद्याच्या बाजारातली, हिची आई अशीच भुवई चढवून बघायची. भुवई. मेंढीची. बिभीषण नऊ वर्षांचा असताना त्याच्यावर एका दुपारी कळप सोपवला होता, आणि ओढ्याला पाण्यावर शेजारच्या वस्तीचा कळप येऊन मिसळला. शेजारच्यानं आपली मेंढरं ओढून नेली, त्यात आबांच्या सहा गेल्या आणि त्याच्या चार इकडं राहिल्या. संध्याकाळी आबांनी एका नजरेत ते ओळखलं. "तुला दिसलं न्हाई?" त्यांनी विचारलं. बिभीषण म्हणाला, सगळी सारखीच दिसतात. आबांनी त्याला काठीनं मारलं. दुखलं त्यापेक्षा जास्त लक्षात राहिलं ते हे, की मारताना आबांच्या तोंडावर राग नव्हता, लाज होती. मग म्हणाले, हे पोरगं मेंढरांच्या कामाचं न्हाई, ह्याला शाळेत घाला. धाकट्या परमेश्वरच्या हातात काठी गेली आणि बिभीषणला वसतिगृहात घातलं. गावात म्हणायचे, आबांनी पोराला शिकवलं. शिक्षण ही आपल्याला मिळालेली शिक्षा आहे हे फक्त बिभीषणला माहीत होतं, आणि बहुतेक आबांना.

रात्री त्यानं मोबाइलवर शोधलं. आजवर का शोधलं नाही याचं त्याला नवल वाटलं. कदाचित शोधलं की ते खरं होईल या भीतीनं. शंभरातल्या एखाद-दुसऱ्या माणसाला जन्मतःच चेहरे लक्षात ठेवता येत नाहीत असं तिथं लिहिलं होतं. हुशारीशी त्याचा संबंध नाही. डोळ्यांशीही नाही. तो ते पुन्हा पुन्हा वाचत राहिला. बीडमध्ये मग असे किती असतील? ऑफिसातला एखादा, जो आपल्याला आणि आपण ज्याला घमेंडी समजतो? मानेतली एक शीर, जी कायम ताणलेली असायची, ती जराशी सैल झाली. पण वनमाला पाठ करून झोपली होती, आणि तिला उठवून सांगावं असे शब्द त्याच्याकडं नव्हते.

शनिवारी सुट्टी. वनमालाचा ताप उतरला होता. बिभीषण म्हणाला, वस्तीवर जाऊन येऊ एक दिवस. कॉलनीतल्या खिडक्या त्याला नको होत्या. तिलाही नको असाव्यात, ती लगेच तयार झाली. दुपारी ते पोचले तेव्हा परमेश्वर मोठी मेंढरं घेऊन माळावर गेला होता. त्याची बायको संगीता भाकरी थापत होती. आबा जाळीच्या वाघरीजवळ ऊन खात बसले होते आणि वाघरीत वीस-बावीस कोकरं, कुणी चार दिवसांचं, कुणी पंधरा. बिभीषण जवळ गेला. आबांनी मान वर केली आणि काही क्षण नुसतंच बघितलं. मग म्हणाले, "या, बसा." बिभीषण म्हणाला, "आबा, मी." तेव्हा ते म्हणाले, "व्हय की. कवा निघालतास?"

बिभीषण खाली बसला. काहीतरी खटकलं होतं, पण काय ते त्याला लगेच सापडलं नाही. वनमाला येऊन पाया पडली तेव्हा आबा म्हणाले, "बरी हाईस ना?" तिनं "हो" म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "वनमाला, वाळलीस लई." ऋतुजा पळत आली तेव्हा ते हसले आणि हात पसरले, पण नाव तिनं "आजोबा" म्हटल्यावर घेतलं. सगळं अगदी बरोबर होतं. कुणालाही संशय आला नसता. बिभीषणला मात्र आला. ही त्याची स्वतःची चाल होती. आधी समोरच्याला बोलू द्यायचं.

ऋतुजा दुपारभर एका कोकराला सोडायला तयार नव्हती. चार दिवसांचं, काळ्या तोंडाचं, पाय अजून एकमेकांत अडकणारं. तिला ते मळकं वाटलं. मोठी माणसं जेवत होती तेव्हा तिनं ते हौदाजवळ नेलं, बॅगेतला चंदनाचा साबण काढून त्याला नीट आंघोळ घातली, टॉवेलनं पुसलं आणि उन्हात मांडीवर घेऊन बसली. कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

उन्हं तांबूस झाली तशी माळावरून मेंढरं दिसू लागली. आधी धूळ, मग आवाज. कळप अजून हाकेच्या अंतरावर नव्हता, तोच वाघरीतली कोकरं उभी राहिली आणि जाळीला तोंडं लावून ओरडायला लागली. तिकडून मेंढ्या ओरडू लागल्या. परमेश्वर कळप आणून सोडून तसाच शेताकडं गेला. लाइट आली होती आणि ज्वारीला पाणी द्यायचं होतं. आबांनी वाघरीचं टोक उचललं. आणि मग तो गोंधळ झाला, जो बिभीषणनं लहानपणी रोज बघितला होता आणि कधीच बघितला नव्हता. शंभराच्या वर मेंढ्या आणि बावीस कोकरं एकमेकांत घुसली. प्रत्येक मेंढी ओरडत होती, प्रत्येक कोकरू ओरडत होतं. कोकरं कुठल्याही कासेला तोंड लावत होती, मेंढी वळून शेपटाशी हुंगत होती आणि ढुशी मारून पुढं जात होती. धूळ, लोकर, दुधाचा आंबूस वास, कानात नुसता कल्लोळ. असं वाटावं की हे कधी सुटायचंच नाही. पण हळूहळू आवाज कमी होत गेला. इथं एक गप्प झालं, तिथं एक. पाच-सहा मिनिटांत सगळी कोकरं आपापल्या आईखाली गुडघे टेकून बसली होती, शेपट्या थरथरवत. कुणी काही लावून दिलं नव्हतं.

ऋतुजा डोळे मोठे करून बघत होती. तिनं विचारलं, यांना कळतं कसं?

"हाक वळखत्यात आधी," आबा म्हणाले. "मग जवळ आल्यावर वास घेत्यात. तोंडबी दिसतंय तिला, न्हाई असं न्हाई. पर नुसत्या तोंडावर ती इस्वास ठेवत न्हाई."

बिभीषणनं ते ऐकलं आणि ते त्याच्या अंगातून सावकाश खाली उतरत गेलं. पण त्यावर विचार करायला त्याला वेळ मिळाला नाही, कारण सगळं शांत झाल्यावरही एक कोकरू ओरडत होतं. काळ्या तोंडाचं. ते या मेंढीकडून त्या मेंढीकडं जात होतं आणि प्रत्येक ठिकाणी ढुशी खात होतं. एकदा तर चांगलं लोळलं. ऋतुजा त्याला उचलायला धावली. आबांनी ते तिच्याकडून घेतलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "साबण." ऋतुजाचं तोंड उतरलं. आबा तिला रागावले नाहीत. ते कोकरू हातात धरून तसेच उभे राहिले, कळपाकडं तोंड करून.

"याची आई कोणती?" बिभीषणनं विचारलं.

कळपात अजून दोन मेंढ्या ओरडत होत्या. एकीचं कोकरू परवाच मेलं होतं, असं संगीतानं दुपारी सांगितलं होतं. दुसरी या कोकराची आई असणार. एका नजरेचं काम होतं. आबा डोळे बारीक करून एकीवरून दुसरीवर नजर फिरवत होते. बिभीषणला तीस मुलींसमोर उभा असलेला माणूस आठवला. त्यानं आबांकडं बघणं थांबवलं, कारण अशा वेळी आपल्याकडं कुणी बघू नये असं माणसाला वाटतं, हे त्याला ठाऊक होतं.

त्यानं डोळे मिटले. कोकरू ओरडलं, शेवटी आवाज फाटत होता. लगेच कळपाच्या डाव्या अंगानं एक जाड, घोगरी हाक आली. मग उजवीकडून दुसरी, पातळ. कोकरू पुन्हा ओरडलं. पुन्हा डावीकडून घोगरा आवाज, लगेच. पातळ आवाज मात्र आपल्याच चालीनं येत होता. कोकरू गप्प असलं तरी येत होता. दोन-तीनदा त्यानं खात्री करून घेतली. एक मेंढी नुसती हाका मारत होती. दुसरी उत्तर देत होती.

"डावीकडची," तो म्हणाला. "जाळीपाशी उभी हाय ती."

त्यानं जाऊन तिला कानाला धरून आणलं. कोकराचा आवाज ऐकून ती ओढतच आली, पण कोकरू पुढं ठेवल्याबरोबर तिनं हुंगलं आणि ढुशी मारली. मग मान उंचावून पुन्हा त्यालाच हाक मारू लागली. पायाशी उभं असलेलं कोकरू तिला उत्तर देत होतं आणि ती चारी दिशांना ते शोधत होती. ऋतुजा रडायला लागली. वनमाला चुलीपासून उठून आली आणि तिला पोटाशी धरून उभी राहिली. आबा खाली बसले, मेंढीचं डोकं त्यांनी दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि बिभीषणला सांगितलं, तिचं दूध काढ आणि कोकराच्या पाठीला, डोक्याला, शेपटीखाली चोळ. संगीताकडून मीठ माग आणि वरून भुरभुरव. बिभीषण गुडघ्यांवर बसला. कितीतरी वर्षांनी त्याच्या हाताला मेंढीचे सड लागले, कोमट आणि खरबरीत, आणि बोटांना ते काम आठवलं. दूध कोकराच्या लोकरीवर चोळताना चंदनाचा वास त्यात विरत गेला. मग त्यानं कोकरू कासेला लावलं. मेंढी झटके देत होती. आबांनी तिला घट्ट धरलं होतं.

"तुला आवाज कळत्यात?" आबांनी विचारलं. ते त्याच्याकडं बघत नव्हते.

"आवाजच कळतात," बिभीषण म्हणाला. आणि मग, वनमाला दोन हातांवर उभी आहे हे माहीत असून, किंवा ते माहीत होतं म्हणूनच, तो म्हणाला, "तोंडं न्हाई कळत, आबा. कुणाचीच. लहानपणापासून. मेंढरांची न्हाई आणि माणसांची न्हाई. काल शाळेपुढं ऋतुजा नाही ओळखता आली मला."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं होतं काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. कोकरू चुटचुट दूध पीत होतं. मेंढीची छाती वरखाली होत होती.

"त्या वक्ताला ओढ्यावर," आबा म्हणाले, "तुला खरंच दिसलं नव्हतं?"

"न्हाई."

"आन् म्या तुला मारलं." त्यांनी मेंढीच्या कपाळावरून हात फिरवला, उगाच, दोन-तीनदा. मग त्यांचा आवाज अगदी खाली आला. "मलाबी न्हाई दिसत आता. दीड वरीस झालं. धुरावानी दिसतंय. परमेश्वरला सांगितलं न्हाई. तो म्हणंल, मग घरात बसा. तुझं ऐकू आल्याबिगर मला तूबी कळला न्हाईस."

"मला कळलं ते," बिभीषण म्हणाला.

आबांनी मान वर केली. जवळून बघितल्यावर त्यांच्या दोन्ही बुबुळांवर पांढरट सायीसारखं आलेलं बिभीषणला दिसलं, आणि हसूच फुटलं. मोतीबिंदू. त्याच्या ऑफिसातल्या शिपायाच्या आईचा दिवाळीत काढला होता; तिसऱ्या दिवशी म्हातारी गहू निवडत होती. त्यानं ते आबांना सांगितलं. पुढच्या आठवड्यात बीडला या, माझ्याकडं राहा, आठ दिवसांत सगळ्या मेंढ्यांच्या भुवया दिसतील. आबांनी विचारलं, "आन् तुझं?" बिभीषण म्हणाला, माझ्यावर ऑपरेशन नाही. आपण ते इतक्या सहज म्हणालो याचं त्याला जरा वेळानं नवल वाटलं.

सकाळी तो उठला तेव्हा थंडी कडक होती आणि जमिनीवर दव होतं. वाघरीजवळ ऋतुजा शाल पांघरून उकिडवी बसली होती. तिनं त्याला बोटानं खुणावलं. काळ्या तोंडाचं कोकरू मेंढीच्या पोटाला टेकून झोपलं होतं आणि मेंढी त्याची पाठ चाटत होती, मिठासाठी की कशासाठी कोण जाणे. बिभीषण मुलीच्या शेजारी बसला. तिनं विचारलं, "पप्पा, मी त्या पोरींमधी कुठं उभी होते, तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?" तो म्हणाला, नाही कळलं. ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रुसलात." आणि त्याच्या मांडीवर डोकं टेकून कोकराकडं बघत राहिली. त्याला तिचं तोंड दिसत नव्हतं. दिसायची गरजही नव्हती.

वनमाला आदल्या संध्याकाळपासून त्याच्याशी त्या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती. जेवताना तिनं त्याला जास्तीची भाकरी वाढली होती, एवढंच. नेकनूरच्या स्टँडवर ते एसटीची वाट बघत उभे होते. ऋतुजा बाकावर पाय हलवत बसली होती. वनमाला समोरच्या हॉटेलाकडं बघत म्हणाली, "मी एकदा तुमच्या ऑफिसात आले होते."

"कधी?"

"लग्नाला वीस दिवस झाले होते. तुम्ही डबा विसरून गेलतात. मी विचारत विचारत आले. नवी साडी नेसून. खिडकीपाशी उभी राहिले. तुम्ही वर बघितलं आणि म्हणालात, काय काम आहे बाई?"

बिभीषणला काही आठवेना. आठवणार कसं? त्याच्यापुरतं ते घडलंच नव्हतं. खिडकीशी कुणी एक बाई आली असेल आणि गेली असेल.

"तू काय म्हणालीस?"

"काही न्हाई म्हणाले. माझा आवाज तरी कुठं माहीत होता तुम्हाला, घरात सगळ्यांपुढं मी बोललेच कुठं होते? तुमच्या शेजारी दोघंजण बसले होते. मला वाटलं, त्यांच्यापुढं तुम्हाला मला ओळख द्यायची लाज वाटली. मी काळी, दहावी नापास. डबा घेऊन स्टँडवर आले. तिथंच बसून अर्धा खाल्ला." ती थांबली. "नऊ वर्षं झाली. त्याच्यानंतर मी कधी तुमच्या ऑफिसाच्या रस्त्यानं गेले न्हाई. बाजारात दोनदा तुम्ही समोरून गेलात. म्हटलं, जाऊ द्यावं."

बिभीषण नऊ वर्षं स्वतःला लपवत होता आणि त्या लपण्याच्या आतल्या बाजूला तो एकटाच आहे असं त्याला वाटत आलं होतं. दुसऱ्या बाजूला ही उभी होती, हातात डबा घेऊन.

"मला कळलं नव्हतं," तो म्हणाला. "तू आहेस ते मला कळलं नव्हतं, वनमाला."

"ते काल कळलं मला," ती म्हणाली. तिचा आवाज भरून आला आणि त्याच भरल्या आवाजात ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ऋतुजा बघायला लागली. शेजारच्या बाकावरची म्हातारीही बघायला लागली. "काल मी ऋतुजाला धरून उभी होते न्हाई का," वनमाला म्हणाली, "तवा आधी काय मनात आलं माहिताय? म्हटलं, देवा, म्हणजे लाज नव्हती वाटली." मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, भाजी काय होती ते सांगू का? तो म्हणाला, सांग. शेपू, ती म्हणाली. आणि तुम्हाला शेपू आवडत न्हाई ते तेव्हा मला माहीत नव्हतं, तेवढं बरंच झालं.

एसटी आली ती खच्चून भरलेली. रविवार होता आणि बीडला कुणाचं तरी लग्न असावं. बाया हळदी-पिवळ्या साड्यांत होत्या. मागून रेटा आला. ऋतुजाला घेऊन वनमाला पुढं सरकली आणि बिभीषण दारातच अडकला. बस सुटली. त्याच्या पुढं पंचवीस-तीस पाठी, अंबाडे, पदर घेतलेली डोकी. सवयीनं त्याची नजर फिरायला लागली, मान ताठली.

"अहो, मी इथंय," पुढून वनमालाचा आवाज आला, सगळ्या बसला ऐकू जाईल असा. कुणीतरी बाई हसली. वनमालाला त्याचं काही वाटलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "ऋतुजापण इथंय."

"बरं," बिभीषण म्हणाला.

मग त्यानं तिकडं बघितलंच नाही. दांडा धरून, मान खाली वाकवून तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. पोटऱ्यात आलेली, कणीस फुटायच्या बेतातली ज्वारी मागं जात होती, एखादं बाभळीचं झाड, विजेचे खांब.